दोन मोटर पुढेमागे किती, हे मोजायला बसण्याआधी

दोन फिरत्या मोटरपैकी एक दुसरीपेक्षा किती अंश पुढे-मागे आहे, हे क्लॉकचे (ठरावीक वेगाने येणाऱ्या पल्सचे) काउंट मोजून काढायचं आहे. सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी कागदावर एवढा हिशोब करा. मोटर ३००० आरपीएमने (मिनिटाला ३००० फेरे) फिरतेय तर एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे एक अंश साधारण ५५ मायक्रोसेकंद. क्लॉक १ मेगाहर्ट्झचा घेतला की अंशाला ५५ काउंट, भरपूर झाले. चार ७४एचसी१६१ (४ बिटचे काउंटर आयसी) जोडले की १६ बिट, ६५,५३६ काउंट, त्यामुळे ९१५ आरपीएमच्या खाली एका फेऱ्यातच काउंटर उलटतो (भरून परत शून्यावर येतो). मोटर हळू चालवायची असेल तर क्लॉक आधीच कमी करा.

दोन्ही शाफ्टवर सारखी डिस्क, फेऱ्याला एकच खूण, आणि स्लॉटवाले ऑप्टो सेन्सर, म्हणजे फटीतून जाणारा प्रकाश अडला की पल्स देणारे. हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) घेतला तर बऱ्याचदा आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते फक्त खाली ओढतं, स्वतः वर जात नाही; सप्लायकडे १० के चा पुलअप रेझिस्टर विसरू नका.

आता खरी डोकेदुखी. सेन्सरचा सिग्नल थेट काउंटरला द्यायचा नाही म्हणजे नाही, मध्ये ७४एचसी१४ हवाच, म्हणजे मळका सिग्नल स्वच्छ करणारे श्मिट गेट असलेला आयसी. मी पहिल्यांदा डिस्कवर काळी टेप चिकटवली होती आणि तिची एक कड जराशी उचललेली, त्यामुळे एका फेऱ्याला दोन पल्स यायचे आणि मी अख्खा रविवार लॉजिकमध्ये चूक शोधत बसलो, चूक टेपमध्ये! ऑसिलोस्कोपवर सिग्नलची एज (चढ-उतार) बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग एका लॅचला (सेट-रिसेट लक्षात ठेवणारं सर्किट) पहिल्या मोटरच्या पल्सने सेट, दुसरीच्या पल्सने रिसेट; तो सेट असेपर्यंतच क्लॉक मोजायचा. पल्स रुंद असले तर सेट आणि रिसेट एकदम ओढले जातात, म्हणून १ नॅनोफॅरड कपॅसिटर आणि १० के रेझिस्टर लावून, परत एका श्मिट गेटमधून नेऊन, ते दहा-एक मायक्रोसेकंदांवर आणा. एक्सऑर गेटने (दोन इनपुट वेगळे असले की १ देणारा) सोपं होईल असं वाटतं खरं, पण त्याला चौकोनी ५०-५० सिग्नल (अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली) लागतो आणि कोण पुढे कोण मागे ते तो सांगतच नाही. पूर्ण फेऱ्याचा काउंट पण वेगळा घ्या; लॅचच्या काउंटला त्याने भागून ३६० ने गुणलं की अंश येतात.

बाकी नेहमीचंच: मोटरचा सप्लाय वेगळा, ग्राउंड एकाच जागी जोडलेलं, प्रत्येक आयसीला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, न वापरलेले इनपुट बांधलेले. मोकळा सीमॉस (७४एचसी जातीच्या आयसीचा) इनपुट काय वाटेल ते करतो.

सगळं जोडलं की दुसरी मोटर बाजूला ठेवा आणि दोन्ही सेन्सर एकाच डिस्कवर ९० अंशांवर लावा. वेग बदला, रीडिंग ९० च राहिलं पाहिजे, वायर अदलाबदल केल्या तर २७०. आणि दोन मोटरवर सेन्सर बसवताना एक मुद्दाम अर्धा फेरा सरकवून बसवा, नाहीतर मोटर जवळजवळ बरोबर चालत असताना रीडिंग शून्य आणि ३६० च्या मध्ये नाचत राहतं, मग वाचणार काय.