एक लाइन, चार आयपी: लिनक्सवर बँडविड्थची वाटणी

एका लाइनवर चार पब्लिक आयपी आले की प्रत्येकाला वेगळी मर्यादा घालावी, असं आधी सुचतं. मी तसं करू नका म्हणेन. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सची रांग पत्त्याला नसते, इंटरफेसला (नेटवर्क कार्डाला) असते. त्याच कार्डाला उपनाव देऊन जोडलेला दुसरा आयपी त्याच रांगेतून बाहेर पडतो. त्या उपनावावर टीसीचे (लिनक्समधली वेग वाटून देणारी कमांड) वेगळे नियम लागत नाहीत. म्हणून कार्डावर क्लासेसचं, म्हणजे वेगाच्या वाट्यांचं, एकच झाड उभारायचं आणि पत्ते त्यात वाटून द्यायचे.

माझ्याकडे अपलोड ५० मेगाबिट आहे. रूटला, म्हणजे झाडाच्या मुळाशी, एचटीबी (वेग क्लासांत वाटणारी रांग-पद्धत) आणि त्याखाली ४७ मेगाबिटचा एक मुख्य क्लास. ३ मेगाबिट मी मुद्दाम सोडतो. रांग मोडेममध्ये साचली तर आपल्या हातात काही राहत नाही. ती लिनक्समध्येच साचायला हवी. मुख्य क्लासखाली पाच क्लास: कॉलिंगच्या आयपीला १०, वेबला २०, मेलला ७, बॅकअपला ५ आणि उरलेल्या सगळ्याला ५. बेरीज ४७. ती वाढली तर टीसी अडवत नाही, पण सगळे क्लास मिळून ४७ ची मर्यादा ओलांडू शकतात.

रेट म्हणजे हमी, सील म्हणजे कमाल. सील मी सगळ्यांना ४७ देतो. बाकीचे गप्प असताना बॅकअपने पूर्ण लाइन घेतली तर ती वायाच जात होती ना! शिल्लक वेग आधी कुणाला मिळेल हे प्रायो, म्हणजे प्राधान्याचा आकडा, ठरवतो. लहान आकडा आधी. कॉलिंगला शून्य, बॅकअपला सर्वांत मोठा.

एककाकडे नीट बघा. टीसीत 'एमबिट' म्हणजे मेगाबिट, पण 'एमबीपीएस' म्हणजे मेगाबाइट प्रति सेकंद. थेट आठपट फरक.

एचटीबीला डिफॉल्ट क्लास द्याच. नाही दिला तर कुठल्याही फिल्टरमध्ये (पॅकेट कुठल्या क्लासमध्ये जाणार ते ठरवणारा नियम) न बसलेली पॅकेट्स मर्यादेविना सुटतात. एआरपीसुद्धा (आयपीवरून कार्डाचा पत्ता शोधणारी पॅकेट्स) डिफॉल्टमध्ये जातं, म्हणून त्या क्लासला उपाशी ठेवू नका. प्रत्येक शेवटच्या क्लासखाली एफक्यू-कोडेल (प्रत्येक कनेक्शनला पाळी देणारी रांग) लावा; ते २०१२ पासून, म्हणजे कर्नल ३.५ पासून आहे. एकाच आयपीवरचं मोठं अपलोड शेजारच्या छोट्या कनेक्शनला मग दाबत नाही.

फिल्टर यू३२ने (टीसीचा पॅकेटमधला मजकूर तपासणारा फिल्टर), सोर्स आयपी बघून. इथे क्रम महत्त्वाचा आहे: बाहेर जाताना टीसीची पाळी नॅटनंतर (खासगी पत्ता बदलून पब्लिक केल्यावर) येते, म्हणजे तिथे पब्लिक पत्ताच दिसतो. आतला खासगी पत्ता लिहिलात तर फिल्टर कधीच लागणार नाही. आतल्या मशीनप्रमाणे वाटायचं असेल तर नेटफिल्टरमध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) पॅकेटला मार्क, म्हणजे खूण, लावून त्या मार्कवर फिल्टर करा. आयपीव्ही६ साठी फिल्टर वेगळे लिहावे लागतात.

डाउनलोडसाठी इनग्रेसवर (कार्डाच्या आत येणाऱ्या बाजूला) आलेली पॅकेट्स आयएफबी या आभासी इंटरफेसकडे वळवा आणि तिथे असंच झाड लावा. तिथे नॅट अजून उलगडलेलं नसतं, त्यामुळे डेस्टिनेशनला पब्लिक आयपीच टाकायचा. पॅकेट्स लाइन ओलांडून आलेली असतात, म्हणून इथे मी मर्यादा अपलोडपेक्षा थोडी अधिक खाली ठेवतो.

आता बॅकअप सुरू करा आणि कॉलिंगच्या आयपीवरून पिंग चालू ठेवा. पिंग चढला तर मुख्य क्लासचा रेट, आणि सोबत सगळे सील, थोडे उतरवा. क्लासची आकडेवारी काढून बॅकलॉग, म्हणजे थांबलेली पॅकेट्स, बॅकअपच्याच क्लासमध्ये साचतोय ना ते बघा. रीबूटनंतर हे सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी जुना रूट काढून नवा लावणारी स्क्रिप्ट बूटला जोडून ठेवा.