हरणाच्या शिकारीचं मचाण: घेताना आणि वाहून नेताना या चुका टाळा

अमेरिकेत परवाना काढून सरकारी जंगलात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे अमेरिकेत येऊन हे शिकणाऱ्या मराठी माणसाला घरातल्या थोरांकडून यातलं काही मिळालेलं नसतं, आणि दुकानातला विक्रेता जे दाखवेल ते घेतलं जातं. खासगी रानात मचाण एकदा लावलं की हंगामभर तिथेच राहतं. सरकारी जमिनीवर मात्र ते बहुधा पाठीवर न्यायचं, अंधारात झाडाला लावायचं आणि पुन्हा उतरवून आणायचं असतं. म्हणून मचाण निवडताना आधी चाल किती आणि झाडं कोणती ते पाहा, बसायला किती ऐसपैस आहे ते नंतर.

खोक्यावरच्या वजनावर विसंबू नका

खोक्यावर लिहिलेलं वजन फक्त स्टँडचं, म्हणजे मचाणाचं, असतं. दहा पौंडांचं हँग-ऑन, म्हणजे खोडाला पट्ट्याने टांगायचं, स्टँड हलकं वाटतं, पण ते झाडावर न्यायला चार क्लायंबिंग स्टिक्स, म्हणजे खोडाला बांधायच्या पायऱ्यांच्या काठ्या, लागतात, त्यांचे आणखी दहा. हार्नेस (पडू नये म्हणून अंगावर घालायचे पट्टे), दोर आणि कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) मिळून चार-पाच, बंदूक किंवा धनुष्य सात-आठ, गरम कपडे आणि पाणी आठ. झाले चाळीस पौंड, म्हणजे साधारण १८ किलो. खरेदीआधी हा सगळा बोजा बांधून वजनकाट्यावर ठेवा आणि पाठीवर घेऊन अर्धा तास चढावर चाला.

दुसरा आकडा भारक्षमतेचा. बऱ्याच स्टँडवर ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो लिहिलेलं असतं. त्यात तुमच्यासोबत बूट, जाड कपडे, पिशवी आणि हत्यार सगळं येतं.

लॅडर स्टँड, म्हणजे शिडीसकटचं मचाण, सरकारी जमिनीसाठी विसरा, ते दोन-तीन माणसांचं काम आहे. क्लायंबर, म्हणजे दोन भागांचं आणि आलटून पालटून वर सरकवत चढायचं स्टँड, साधारण वीस पौंडांचं असतं आणि त्याला स्टिक्स लागत नाहीत. पण त्याला सरळ, खांबासारखं, खालच्या फांद्या नसलेलं आणि साधारण ८ ते २० इंच व्यासाचं झाड हवं. दक्षिणेतल्या पाइनच्या वनात अशी झाडं हवी तितकी मिळतात. वाकड्यातिकड्या ओकच्या रानात मात्र क्लायंबर नुसतं ओझं ठरतं. तिथे हँग-ऑन किंवा सॅडल बरं. सॅडल म्हणजे कमरेला बांधायची झोळी आणि पायाखाली छोटी फळी. सगळ्यात हलकं हेच, पण सवय होईपर्यंत नितंब आणि गुडघे दुखतात. हंगाम सुरू होण्याआधी घराजवळच्या झाडावर जमिनीपासून फूटभर उंचीवरच सराव करा.

झाड चुकलं की सगळं चुकलं

मेलेल्या झाडावर चढू नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी अ‍ॅशच्या बाबतीत फसगत होते. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि त्यानंतर पूर्वेकडच्या व मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत अ‍ॅशची झाडं प्रचंड संख्येने मेली. ही झाडं उभी दिसतात, पण लाकूड ठिसूळ झालेलं असतं. शेंड्याकडे पानं विरळ, साल सुटलेली, सालीत इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं, असं काही दिसलं तर पुढे चला. साल लांब पट्ट्यांनी सुटणारं शॅगबार्क हिकरी आणि गुळगुळीत सालीचे बीच, अ‍ॅस्पेन हेही क्लायंबरसाठी वाईट, विशेषतः पावसात आणि बर्फात.

लावल्यावर हलतंय, करकरतंय, घसरतंय?

क्लायंबर वर गेल्यावर पुढे झुकतं, कारण खोड वर निमुळतं होत जातं आणि खोडाभोवतीचा केबलचा फास सैल पडतो. म्हणून बुंध्याशी लावतानाच पुढची कड थोडी वर उचललेली ठेवा. वरच्या उंचीवर ते आपोआप सपाट होतं. वरचा आणि खालचा भाग दोरीने एकमेकांना बांधा. ही दोरी नसेल आणि पायाखालचा भाग सुटून खाली गेला, तर माणूस वर अडकतो.

हँग-ऑन एका कडेवर पाय देताच फिरत असेल, तर पट्टा पुरेसा आवळलेला नाही किंवा खालचे दात सालीत रुतलेले नाहीत. पट्टा आवळताना फळी वर उचललेली असावी, मग ती खाली दाबली की ताण बसतो. मॉडेलला खालचा दुसरा पट्टा असेल तर तो वगळू नका. स्टिकसुद्धा लावल्यावर खाली जोरात ओढून बसवा, मगच तिच्यावर पाय ठेवा.

करकर बहुधा सांध्यातून येते. बोल्ट आवळा आणि धातूच्या मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. वासाचं तेल फवारू नका, हरणाचं नाक फार तिखट असतं.

वाहून नेताना

सोबत आलेले पट्टे बहुतेक वेळा अरुंद असतात आणि खांद्यात रुततात. जाड गादीचे पट्टे आणि कमरपट्टा लावा, म्हणजे भार कमरेवर येतो. वजन पाठीला चिकटून आणि वरच्या बाजूला हवं. स्टिक्स एकात एक बसवून फळीवर बांधा आणि खांद्याच्या रुंदीबाहेर काही येऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येक झुडपात अडकाल.

आवाजाचं मूळ दोनच ठिकाणी असतं: स्टिकची पायरी जिथे दुसऱ्या स्टिकला टेकते तिथे, आणि पट्ट्याच्या लोंबत्या बकलमध्ये. पायऱ्यांवर कापडी हॉकी टेप गुंडाळा, बकल रबराने दाबून ठेवा. मग बोजा पाठीवर घेऊन अंगणात उड्या मारा. जे वाजेल ते आदल्या रात्रीच बंद करा, थंडीच्या पहाटे धातूचा एक टणत्कार फार लांब जातो.

जाड जॅकेट अंगावर घालून चालू नका. घामाने आतले कपडे भिजले की बसल्यावर तासाभरात थंडी हाडात शिरते. पातळ कपड्यांत सावकाश चाला आणि जॅकेट बोजाला बांधा. बंदुकीच्या हंगामात बोजावरही केशरी कापड लावा.

पडणं

जमीन सोडल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत पूर्ण अंगाचा हार्नेस झाडाला जोडलेला हवा. वर पोहोचल्यावर जोडण्यात अर्थ नाही, बरेच जण चढता-उतरताना आणि स्टँडवर पाऊल टाकताना पडतात. हँग-ऑनसाठी वरून खालपर्यंत लाइफलाइन, म्हणजे सुरक्षेचा दोर, लावा आणि प्रुसिकची, म्हणजे हाताने सरकणारी पण ताण येताच आवळणारी, गाठ सोबत सरकवत चढा. बसल्यावर दोरात ढील नसावी. हार्नेसमध्ये लटकून राहिल्यास पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच जीवावर बेतू शकतं, म्हणून पाय टेकवायची पट्टी खिशात, हाताशी ठेवा. हत्यार कधीच हातात घेऊन चढू नका. बंदूक रिकामी करून, नळी खाली ठेवून, दोरीने मागून वर ओढा.

पट्टे उन्हाने कुजतात, खारी कुरतडतात. हंगामाआधी एकेक पट्टा बोटांतून फिरवून तपासा आणि पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला बदला.

नियम राज्याप्रमाणे बदलतात

मिझुरी राज्याच्या कॉन्झर्व्हेशन, म्हणजे संवर्धन, क्षेत्रांत स्टँड १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी ठेवता येतं, त्यावर नाव-पत्ता किंवा शिकाऱ्याचा कॉन्झर्व्हेशन क्रमांक हवा. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या जमिनीवर रात्रभर ठेवण्याची मुभा उत्तरेच्या भागापुरती, महामार्ग ६४ च्या वर. खिळे आणि झाडात पिळून बसवायच्या पायऱ्या अनेक ठिकाणी मना आहेत, म्हणून पट्ट्याच्याच स्टिक्स घ्या. त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच स्टँड मागे ठेवा, आणि ठेवलं तरी जागा राखीव होते असं समजू नका.

हरीण पडलं तर स्टँड आणि हरीण एका खेपेत येत नाही. उबदार हवेत मांस लवकर बिघडतं, तेव्हा राज्याच्या नियमाप्रमाणे नोंद करून आधी हरीण बाहेर काढा. दोनचाकी गाडा सोबत असेल तर तो वाइल्डरनेस म्हणून जाहीर झालेल्या भागात चालत नाही, १९६४ च्या कायद्याने तिथे चाकाची वाहतूक बंद आहे. अशा भागात जाताना मांस तिथेच कापून पाठीवर आणायची तयारी ठेवा, आणि स्टँड त्याच दिवशी काढायचं असेल तर दुसऱ्या खेपेपुरता उजेड उरेल इतक्या लवकर झाडावरून उतरा.