एचआयव्हीमुळे डावललं, तर नाव न फुटू देता मोफत कायदेशीर मदत कशी मिळवावी

नोकरीवरून काढलं, दवाखान्याने शस्त्रक्रिया टाळली, घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, तरी एचआयव्हीसह जगणारी बहुतेक माणसं तक्रार करत नाहीत. कायदा माहीत नसतो हे एक कारण झालं. पण खरी भीती वेगळीच असते: तक्रार केली की कागद दहा टेबलांवर फिरणार आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळणार. अन्याय करणाऱ्याची अर्धी भिस्त याच भीतीवर असते.

ही भीती कायद्याने ओळखलेली आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचा खटला चालला. तब्येत धडधाकट असूनही केवळ एचआयव्हीमुळे त्याला कामावर घ्यायला नकार मिळाला होता. न्यायालयाने त्याला खऱ्या नावाशिवाय लढू दिलं. निकालपत्रात तो ‘एमएक्स’ आहे आणि कंपनी ‘झेडवाय’. तो जिंकला, आणि त्याचं नाव आजही निकालात सापडत नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला, आणि नाव झाकून लढण्याची सोय कायद्याच्या कलमांतच आली. मात्र ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी बघा: झालं ते कायद्यात बसतं का?

बहुतेक वेळा बसतं. नोकरी, उपचार, शिक्षण, भाड्याचं घर, सार्वजनिक सोयी या सगळ्यांत एचआयव्हीच्या कारणाने नाकारणं किंवा वेगळी वागणूक देणं हा कलम ३ खाली भेदभाव आहे. नोकरी, प्रवेश किंवा उपचार देण्याआधी एचआयव्ही चाचणीची अट घालणं हाही भेदभावच. हे नियम सरकारी आणि खासगी दोघांनाही लागू आहेत. ‘आमची खासगी संस्था आहे, आमचे नियम वेगळे’ हे उत्तर इथे चालत नाही.

संरक्षण फक्त बाधित व्यक्तीपुरतं नाही. तिच्यासोबत राहणारे किंवा पूर्वी राहिलेले लोकही ‘संरक्षित व्यक्ती’ ठरतात. आईला एचआयव्ही आहे म्हणून मुलाला शाळेत वेगळं बसवलं, तर मुलाच्या वतीने तक्रार करता येते, मग मुलाची चाचणी काहीही असो.

चाचणीसाठी माहिती देऊन घेतलेली संमती लागते. न्यायालयाचा आदेश, परवानाधारक रक्तपेढीतली तपासणी, नाव न नोंदवता केलेली साथरोगविषयक पाहणी असे मोजके अपवाद आहेत. स्थिती दुसऱ्याला सांगण्यासाठी तर लेखी संमती लागते. तुमच्या उपचारात सहभागी असलेल्या डॉक्टरांनी आपसांत माहिती देणं यात मोडत नाही. पण खाटेवर पाटी लावणं, फाइलच्या दर्शनी भागावर लाल अक्षरांत लिहिणं, नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावून सांगणं हे सरळ उल्लंघन आहे. जोडीदाराला डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात, पण त्याला अटी आहेत: आधी तुम्हाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन, तुम्ही सांगणार नाही याची खात्री, आणि आपण सांगणार आहोत याची तुम्हाला कल्पना. सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकांनी जोडीदाराला सांगायचंच नाही, असं कायदा म्हणतो.

नोकरीबाबत एक तरतूद फार कामाची आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते. एचआयव्हीच्या कारणाने कामावरून कमी करायचं असेल, तर मालकाला स्वतंत्र व पात्र आरोग्यतज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो: या व्यक्तीमुळे कामाच्या ठिकाणी इतरांना संसर्गाचा लक्षणीय धोका आहे, किंवा ही व्यक्ती ते काम करायला असमर्थ आहे. त्या अहवालाची प्रत तुम्हाला द्यावी लागते. ती दिली नाही, तर धोका नाही आणि तुम्ही कामाला योग्य आहात असं कायदाच गृहीत धरतो. म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये ‘मी अजून काम करू शकतो’ असं पटवत बसू नका. ‘अहवालाची प्रत द्या’ एवढंच लेखी मागा.

मग कागद गोळा करा, कुणाशी बोलायच्याही आधी

घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय बोललं, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. शब्द जसेच्या तसे लिहा. ‘अपमान केला’ यापेक्षा ‘तुमच्यासारख्यांची शस्त्रक्रिया आम्ही करत नाही, असं म्हणाले’ या वाक्याला किंमत आहे. केसपेपर, बिलं, नेमणूक पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भाडेकरार, जे काही असेल त्याच्या प्रती काढा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश रागाने पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ संदेशही राहू द्या.

नकार बहुतेक वेळा तोंडी येतो. तो लेखी मागा. देणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून आपणच पत्र किंवा ईमेल पाठवायचा: ‘आज अमुक वाजता आपण मला दाखल करून घेण्यास नकार दिला. त्याचं कारण लेखी कळवावं.’ त्यात एचआयव्हीचा शब्दही घालायची गरज नाही. पत्र हातोहात दिलं तर प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा.

एआरटी केंद्राची (एचआयव्हीवरची औषधं जिथून मिळतात त्या केंद्राची) पुस्तिका आणि तपासण्यांचे अहवाल या ढिगात घालू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यांची प्रत फक्त वकिलाला किंवा चौकशी अधिकाऱ्याला, तीही बंद पाकिटात. झेरॉक्सच्या दुकानात ती पुस्तिका टाकून चहा प्यायला जाऊ नये, हे सांगायला नको. पण माहिती बहुतेक वेळा अशाच फटींतून बाहेर जाते.

संस्थेच्या आत: तक्रार अधिकारी

१०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक संस्थेत, आणि आरोग्यसंस्था असेल तर २० माणसांपासूनच, या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विचारल्यावर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तरीही ‘आपल्या संस्थेचे तक्रार अधिकारी कोण?’ हे लेखी विचारा. नाव मिळालं तर तिथे तक्रार द्या. नेमलेलेच नसतील तर तेही पुढच्या तक्रारीत लिहायला कामी येतं. संस्था लहान असेल, किंवा ज्याने त्रास दिला तोच वरच्या खुर्चीत बसलेला असेल, तर इथे वेळ दवडू नका.

लोकपालांकडे

हे लोकपाल भ्रष्टाचाराच्या तक्रारी ऐकणारे नव्हेत. एचआयव्ही कायद्याखाली राज्य सरकारने नेमलेला हा वेगळा अधिकारी असतो. भेदभाव आणि आरोग्यसेवेबाबतच्या तक्रारी त्यांच्या कक्षेत येतात. त्यांच्यापुढे वकील लागत नाही. तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत दोन्ही बाजू ऐकून आदेश द्यायचा असतो. वैद्यकीय निकड असेल तर शक्यतो २४ तासांत. आदेश मोडणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होतो, आणि तरीही मोडत राहिला तर दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत आणखी.

तुमच्या भागासाठी लोकपाल कोण, हे राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७ वर विचारा. हा क्रमांक मोफत आहे आणि नाव न सांगता बोलता येतं. महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबईसाठी मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था, आणि जिल्ह्यात एड्स प्रतिबंध व नियंत्रण कक्ष, म्हणजे सगळे ज्याला ‘डापकू’ म्हणतात ते कार्यालय, इथेही विचारता येतं. एआरटी केंद्राच्या समुपदेशकांना बहुतेकदा नेमका माणूस माहीत असतो. समुपदेशकाचा एक फोन कधी कधी तुमच्या चार पानी अर्जापेक्षा लवकर काम करतो.

तक्रार एक-दीड पानाची पुरे. काय झालं, कधी, कुणी केलं, पुरावा काय, तुम्हाला काय हवं. ‘न्याय मिळावा’ असं मोघम लिहू नका. ‘शस्त्रक्रियेची तारीख मिळावी’, ‘पुन्हा कामावर घेऊन बुडालेला पगार मिळावा’ असं लिहा. आणि पहिल्याच परिच्छेदात हे वाक्य घाला: ‘माझी ओळख गोपनीय ठेवावी, कागदपत्रांत माझा उल्लेख टोपणनावाने करावा, ही विनंती.’ घटना कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करा. उशीर झाला की समोरचा आधी उशिरावरच बोट ठेवतो.

शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण अडलं असेल तर क्रम बदला. आधी जिथे मिळतील तिथे उपचार घ्या, सोबतच्या माणसाला १०९७ वर फोन लावायला सांगा, कागद नंतर. लोकपालांकडे तक्रार दुसरं कुणीही करू शकतं, रुग्णाने स्वतःच उठून जायला हवं असं नाही.

मोफत वकील कसा मिळवायचा

नुकसानभरपाई, पोटगी, घराचा ताबा, मालमत्ता यांसाठी न्यायालयात जावं लागतं आणि तिथे वकील हवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तो मोफत मिळतो. पात्रतेच्या यादीतल्या कुठल्या गटात तुम्ही बसता ते आधी बघा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतल्या व्यक्ती, मानवी तस्करीला बळी पडलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे.

यातली खुबी लक्षात घ्या. तुम्ही स्त्री, कामगार किंवा कमी उत्पन्नाच्या गटातून पात्र ठरत असाल, तर पात्रता सिद्ध करण्यासाठी एचआयव्हीचा उल्लेख करावाच लागत नाही. अर्जात ‘प्रकरणाचे स्वरूप’ या रकान्यात ‘नोकरीतून बेकायदेशीरपणे कमी केले’ किंवा ‘पोटगीचा दावा’ एवढं पुरेसं आहे. बाकीचं वकिलाला, समोरासमोर.

अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत द्यायचा. १५१०० या मोफत क्रमांकावर माहिती मिळते, ऑनलाइन अर्जही करता येतो. ओळखीचा पुरावा, गटाचा पुरावा, आणि उत्पन्नाच्या गटातून अर्ज असेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र जोडा. लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात, पण त्यांनाही आजाराविषयी गरजेपेक्षा जास्त सांगायचं कारण नाही. निर्णय सात दिवसांत व्हायला हवा. नकार आला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

मंजुरी मिळाली की वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, टंकलेखन, प्रमाणित प्रती हा खर्च प्राधिकरण उचलतं. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही मागायचा नसतो. मागितला, तारखांना आलाच नाही, किंवा आजारावरून टोमणे मारले, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी सांगून वकील बदलून मागा. फुकटचा वकील म्हणून सगळं सोसायचं, असं काही नाही.

वकिलाच्या पहिल्या भेटीत

वकालतनाम्यावर सही करण्याआधीच सांगा: दावा दाखल करतानाच एचआयव्ही कायद्याच्या कलम ३४ खालचा अर्ज सोबत हवा. त्यात तीन मागण्या असतात. कागदपत्रांत खऱ्या नावाऐवजी टोपणनाव, सुनावणी बंद दालनात, आणि ओळख पटेल असं काही छापायला मनाई. हा अर्ज नंतर केला तर मधल्या काळात तुमचं नाव त्या दिवशीच्या बोर्डावर आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावर झळकलेलं असू शकतं, आणि मग झाकायला काही उरत नाही. एचआयव्हीशी संबंधित खटले प्राधान्याने चालवावेत अशीही तरतूद आहे, तीही मागून घ्या. सगळेच वकील या कायद्यात मुरलेले नसतात. कलमाचा आकडा लिहून नेलात तर त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

घरातल्या भांडणांसाठी आणखी काही तरतुदी आहेत. सामाईक घरात राहण्याचा हक्क संरक्षित व्यक्तीला आहे, म्हणून नवरा वारल्यावर सासरच्यांनी सुनेला बाहेर काढलं तर एचआयव्ही कायद्याबरोबर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. पोटगी ठरवताना न्यायालयाने उपचारांचा खर्च विचारात घ्यायचा असतो, तेव्हा प्रवासभाडं, तपासण्या, बाहेरून आणलेली औषधं यांच्या पावत्या सांभाळा. आई-वडील नसलेल्या किंवा आजारी असलेल्या घरात १२ ते १८ वर्षांचं समजूतदार भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खातं, उपचार अशा कामांसाठी सही करू शकतं. शाळा किंवा बँक हे मानायला तयार नसेल, तर एचआयव्ही कायद्याचं कलम ३२ दाखवा.

कुणी समाजमाध्यमावर किंवा पत्रकातून एचआयव्हीसह जगणाऱ्यांविरुद्ध द्वेष पसरवत असेल, तर तो गुन्हा आहे: तीन महिने ते दोन वर्षे कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे पोलीस ठाण्यात जा, पण शक्यतो वकिलाला सोबत घेऊन, आणि जबाबात तुमच्या स्वतःच्या स्थितीविषयी काही लिहिलं जात नाही ना, हे सही करण्याआधी वाचून बघा.