ओबीएसमुळे ग्राफिक्स कार्ड धापा टाकतंय?

इंदूरला गणपतीत मंडळाच्या कीर्तनाचं लाइव्ह ओबीएसवर (थेट प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालू होतं. लॅपटॉपचा पंखा पेटीच्या वर सूर लावून बसलेला, आणि बुवा झांजा उचलले की चित्र तिथेच गोठायचं.

अशा वेळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) उघडा. तिथे ‘थ्रीडी’ आणि ‘व्हिडिओ एन्कोड’ असे वेगळे आलेख असतात. एन्व्हिडियाच्या बहुतेक कार्डांत एन्कोडिंगला (व्हिडिओ दाबून पाठवण्याजोगा करायला) स्वतंत्र भाग असतो, म्हणून थ्रीडी ९५ टक्क्यांवर दिसलं तर बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) कमी करून काही हाती लागत नाही (आम्ही तासभर तेच करत बसलो!). ओझं असतं दृश्य जुळवण्याचं. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ६० ऐवजी ३० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ठेवा, दर सेकंदाला निम्म्याच फ्रेम रचाव्या लागतात. कीर्तनाला ३० भरपूर झाले. प्रिव्ह्यूवर राइट क्लिक करून तो बंद करा. दुसऱ्या सीनमध्ये पडून असलेले ब्राउझर सोर्सही (दृश्यात घातलेली वेब पानं) काढा. आमच्याकडे देणगीदारांच्या नावांची सरकती पट्टी अशीच लपून चालू होती.

गेम रेकॉर्ड करत असाल तर आधी गेमचाच एफपीएस ६० वर बांधा. मोकळा सोडला तर तो अख्खं कार्ड खातो, ओबीएसला काही उरत नाही.