तिसऱ्या हाताची मोटार: फवारणीच्या ड्रोनवरचे माझे पहिले दोन हंगाम

फवारणीच्या ड्रोनचा पायलट होण्यासाठी काय लागते, ते बहुतेकांना ठाऊक असते: ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण. तिथे उडवणे चांगले शिकवले जाते. तापलेले यंत्र ओळखायला मात्र मी अमळनेर-पारोळ्याच्या कापसात, ऑक्टोबरच्या उन्हात शिकलो.

दहा लिटरची टाकी भरलेल्या सहा पंख्यांच्या ड्रोनचे वजन पंचवीस किलोच्या घरात जाते. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते, त्यामुळे तेवढेच वजन उचलायला पंखे अधिक वेगाने फिरतात आणि बॅटरीतून प्रवाह अधिक ओढला जातो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोडासा जादा भारही मोटारीला आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, म्हणजे ईएससीला, जड जातो. त्यांना गार ठेवायला वरून हवेचा एक जादा पंखा बसवण्याचे सल्ले मिळतात. मला ते पटत नाहीत, कारण त्याने वजनच वाढते. अकरा ते चार उड्डाण बंद आणि उन्हातच काम निघाले तर टाकी सात लिटरपर्यंतच, एवढे मी पाळतो. तसेही भर दुपारी फवारलेले औषध पानावर पोहोचण्याआधीच बरेचसे उडून जाते.

पहिल्या हंगामातली चूक माझीच होती. संध्याकाळ होत आली होती, शेतमालक काका बांधावरून म्हणत होते, “थोडंसंच राह्यनं शे भाऊ, उरकी टाक,” आणि मी नुकतीच काढलेली, हाताला चटका देणारी बॅटरी तशीच जनरेटरवरच्या चार्जरला लावली. थोड्याच वेळात तिचे पोट फुगले. फुगलेल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीला दुरुस्ती नसते, आणि टाचणीने टोचून आतली हवा काढण्याचा प्रकार म्हणजे आगीला बोलावणे आहे. आता बॅटरी निंबाच्या सावलीत कोरड्या फळीवर ठेवतो आणि हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत चार्जरजवळ नेत नाही. ती लवकर निववण्यासाठी पाण्यात किंवा बर्फावर ठेवू नये. उड्डाणात सेलमागे, म्हणजे बॅटरीतल्या प्रत्येक घटामागे, ३.५ व्होल्टच्या खाली जाण्याआधी ड्रोन उतरवावा आणि काम नसेल तेव्हा बॅटरी ३.८ च्या आसपास ठेवावी; ४.२ व्होल्टपर्यंत भरून पत्र्याच्या खोलीत पडलेली बॅटरी न उडताच म्हातारी होते.

दुरुस्तीची सुरुवात पाना-पक्कडीने होत नाही, ती तळहाताच्या पाठीने होते. उतरल्यावर आधी बॅटरीची जोडणी काढावी आणि मग सहाही मोटारींजवळ हात नेऊन पाहावे. सगळ्या सारख्याच तापल्या असतील तर भार किंवा ऊन कारणीभूत आहे. एकच तापली असेल तर दोष त्या हातावर, म्हणजे ती मोटार जिच्या टोकाला असते त्या ड्रोनच्या दांडीवर, आहे. माझ्या ड्रोनचा तिसरा हात असा तापत असे. एका दुरुस्तीच्या दुकानात मोटार बदलून दिली, पैसे घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी तो हात पुन्हा तापला. शेवटी मी तिसऱ्या आणि पाचव्या हातांच्या मोटारींची अदलाबदल केली, कारण त्या दोन्ही एकाच दिशेने फिरतात. उष्णता मोटारीबरोबर गेली असती तर बेअरिंग किंवा वाकलेला दांडा पाहिला असता; ती तिसऱ्या हातावरच राहिली. आवरण सोलल्यावर तारेच्या जोडणीचा डाख (सोल्डर) अर्धवट सुटलेला आणि प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले. नवा डाख दिला आणि काम झाले.

उरलेला त्रास बहुतांशी औषधाचा असतो. विद्राव्य खताचा पांढरा थर ईएससीच्या पत्र्यांमध्ये साचला की उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून रोज संध्याकाळी टाकीतून स्वच्छ पाणी फवारून घ्यावे, पत्र्यांमधला थर मऊ ब्रशने काढावा आणि मोटारी ओल्या फडक्याने पुसाव्यात. गाडी धुण्याचा जोराचा फवारा त्यांच्यावर कधीही मारू नये.

सुटे भाग पुण्याहून यायला मला तीन-चार दिवस लागतात आणि कापसावरचे मावा-तुडतुडे तेवढे थांबत नाहीत, म्हणून दोन्ही दिशांचे पंखे, एक मोटार, एक ईएससी, जोडण्या आणि नोझल आता माझ्या पेटीत कायम असतात.