परग्रहावर वायू सापडल्याची बातमी कशी तपासायची

‘दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीची खूण’ अशी बातमी आली, की आधी गोड्या पाण्याचं डबकं गाठा. मी आठवीच्या मुलांना श्रावणात मळ्याकडे नेते. लावणी उरकलेली असते, बांधाकडेला पालापाचोळा कुजत असतो. बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची, तोंड पाण्याखालीच ठेवून उपडी धरायची, तोंडाला नरसाळं लावायचं. दुसऱ्याने खाली काठीने चिखल ढोसायचा. बुडबुडे वर चढतात, बाटलीतलं पाणी खाली सरकतं. जमलेल्या वायूत बराचसा मिथेन असतो; चिखलात कुजणाऱ्या पाल्यापासून सूक्ष्मजीव तो करतात. आगकाडी जवळपासही नको.

खाडीत मात्र हा प्रयोग करू नका. पहिल्या वर्षी मी आचऱ्याच्या खाडीत काठी घातली आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला. “बाई, ह्यो वास कसलो?” खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर. त्यावर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात.

आता बाटलीकडे बघत विचार करा. आपल्या हवेत मिथेन दहा लाखांत जेमतेम 2 भाग. ऑक्सिजन असलेल्या या हवेत तो साधारण 10 वर्षांत संपतो, तरी हवेतला साठा संपत नाही. गळकं पिंप सदा भरलेलं दिसलं, तर कुणीतरी पाणी ओततंय हे उघड आहे. शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी 1965 मध्ये जीव शोधायला हीच खूण सुचवली: एकत्र टिकू नयेत असे वायू एकत्र दिसणं. डिसेंबर 1990 मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा त्याला ऑक्सिजन आणि मिथेन दोन्ही दिसले.

म्हणून फळ्यावर चार रकाने आखा: वायू कोणता, त्याला कोण संपवतं, कोण भरतं, जिवाशिवाय होतो का? शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मंगळावर मिथेन असलाच, तर तो खडक आणि पाण्याच्या क्रियेतूनही येऊ शकतो.

124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18बी ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं 2023 आणि 2025 मध्ये जाहीर झालं. हा आपल्या समुद्राच्या वासातला वायू, प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून, येणारा. मुलं हरखली. पण तीच निरीक्षणं पुन्हा तपासणाऱ्या इतर शास्त्रज्ञांना पुरावा कच्चा वाटला. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, यावर वर्ग अडला. मग मी सांगितलं, की हाच वायू 67पी धूमकेतूवरही सापडलाय, जिथे प्लवक नाहीत. मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि रकान्यात ‘होय’ लिहून आली.