लाइट आली आणि पंप आपोआप सुरू झाला? रास्पबेरी पायच्या पिना सेट करताना या चुका टाळा

घोडबंदर रोड असो की ऐरोली, सोसायटीतल्या कुणी हौसेने टाकीच्या पातळीवर पंप चालू-बंद करायला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर बोर्ड) बसवला की एक तक्रार हमखास येते: लाइट गेली, परत आली आणि कुणी हात न लावता पंप सुरू झाला. मग पायथनमधल्या इफ-एल्सच्या ओळी उलटसुलट तपासल्या जातात. घोळ बहुतेक वेळा तिथे नसतोच, तो प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी होऊन गेलेला असतो. बोर्डाला वीज मिळाल्यापासून प्रत्येक पिन कुठल्या ना कुठल्या अवस्थेत असतेच. ती अवस्था तुम्ही ठरवली नाहीत, तर चिप स्वतःच्या हिशोबाने ठरवते.

प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीची पिन

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर वीज येताच सगळ्या जीपीआयओ पिना (बाहेरच्या उपकरणांशी सिग्नल देवाणघेवाण करणाऱ्या) इनपुट असतात, म्हणजे सिग्नल फक्त वाचतात. ० ते ८ या पिनांना आतून पुल-अप असतो, म्हणजे पिनेला हायकडे (३.३ व्होल्ट) ओढणारा रेझिस्टर, आणि ९ ते २७ या पिनांना पुल-डाउन, म्हणजे लोकडे (० व्होल्ट) ओढणारा. बाजारात सहज मिळणारे निळ्या रिलेचे (छोट्या सिग्नलवर चालणारा विजेचा स्विच) मॉड्यूल बहुधा ॲक्टिव्ह-लो असते, म्हणजे इनपुट लो झाले की रिले ओढला जातो, चालू होतो. आता हे मॉड्यूल जीपीआयओ १७ ला जोडलेय अशी कल्पना करा. पिन आधीपासूनच खालच्या बाजूला झुकलेली आहे. आतला पुल-डाउन कमकुवत असल्याने ऑप्टोकपलरवाले (दोन सर्किटे वेगळी ठेवून सिग्नल प्रकाशाने पुढे देणारा भाग) मॉड्यूल सहसा तेवढ्याने चालू होत नाही, पण साध्या ट्रान्झिस्टरवाल्या मॉड्यूलची खात्री देता येत नाही.

खरा फटका त्यानंतर बसतो. प्रोग्राम पिनेला आउटपुट करतो आणि सुरुवातीची किंमत सांगत नाही. पिन आउटपुट होते तीच लो म्हणून, रिले टक् करतो आणि कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) ओढला जातो. पुढच्याच ओळीत तुम्ही ती हाय केलीत, तरी मोटरला एक झटका बसलाच. म्हणून दिशा आणि किंमत एकाच आज्ञेत द्या. पायथनच्या आरपीआय-जीपीआयओ लायब्ररीत सेटअप करतानाच इनिशियलला हाय द्या. जीपीआयओझीरो या दुसऱ्या लायब्ररीत आउटपुट डिव्हाइस बनवताना ॲक्टिव्ह-हायला फॉल्स लिहा. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे ऑन म्हटले की पंप चालू आणि ऑफ म्हटले की बंद. उलटा हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही.

बूटच्या (बोर्ड सुरू होण्याच्या) वेळेसाठी कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकता येते: जीपीआयओ=१७=ओपी,डीएच. फाइलमध्ये अर्थातच ती छोट्या रोमन अक्षरांत लिहायची. ओपी म्हणजे आउटपुट, डीएच म्हणजे हाय ठेव. लिनक्स उठायच्या आधीच फर्मवेअर, म्हणजे बोर्ड सुरू करणारा आतला प्रोग्राम, ही ओळ वाचते. तरी वीज आल्यापासून ती लागू होईपर्यंत एक-दोन सेकंद जातातच. त्या फटीसाठी मॉड्यूलच्या इनपुटपासून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. आतल्या सुमारे ५० किलोओहमच्या पुल-डाउनला तो सहज भारी पडतो. किंवा सरळ जीपीआयओ ५ किंवा ६ निवडा, तिथे पुल-अप आधीपासून आहे. पंपासारख्या गोष्टीला मी रेझिस्टर लावतोच, पिन कुठलीही असो.

याच मॉड्यूलची दुसरी तक्रार म्हणजे रिले चालू होतो, पण बंदच होत नाही. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिलेले असतात आणि पाय हाय म्हणून देतो फक्त ३.३. मधला १.७ व्होल्टचा फरक काही मॉड्यूलमधला एलईडी अर्धवट पेटता ठेवायला पुरतो. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी (रिलेची वीज) आणि व्हीसीसी (सिग्नलच्या बाजूची वीज) जोडणारा जंपर असेल तर तो काढा, जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट आणि व्हीसीसीला ३.३ व्होल्ट द्या. पिन इनपुट करून रिले बंद करण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती कृपया वापरू नका, तिने मॉड्यूलमधून ५ व्होल्टची बाजू पिनेपर्यंत पोचते.

प्रोग्राम मध्येच मेला तर काय, हेही आधीच ठरवा. पिन शेवटच्या अवस्थेत अडकून राहू शकते आणि टाकी रात्रभर वाहू शकते. वॉचडॉग (सगळे अडकले तर बोर्ड आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) चालू करा, पण त्याच्यावरच विसंबू नका. टाकीच्या वरच्या काठाला दुसरा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणारा) बसवून तो थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत घाला, पायला मध्ये न आणता. २३० व्होल्टचे हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

गच्चीवरून खाली येणारी वायर

टेबलावर बटण नीट चालते, तोच फ्लोट स्विच गच्चीवर गेला की रीडिंग नाचायला लागते. आतला पुल-अप ५० किलोओहमच्या आसपास असतो. एक हात लांबीच्या वायरला तो पुरतो, दहा मजले खाली येणाऱ्या वायरला नाही. ती वायर लिफ्टच्या आणि पंपाच्या केबलशेजारून आली, तर अँटेनासारखी वागते आणि पंप सुरू होताच पिनेला खोटे सिग्नल दिसतात. पंप सुरू, म्हणून खोटा सिग्नल, म्हणून पंप बंद, असा खेळ सुरू होतो.

बाहेरून १ ते ४.७ किलोओहमचा पुल-अप लावा. पिनेजवळ पिनेपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पिनेच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. खरे तर इतक्या लांब वायरला पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर लावणे हाच योग्य मार्ग आहे. पावसाळ्यात गच्चीवरच्या वायरीत काय काय शिरते ते बोर्डापर्यंत येऊ द्यायचे नसेल, तर हा काही रुपयांचा भाग टाळू नका. सॉफ्टवेअरमध्येही पाण्याच्या लाटांनी हलणाऱ्या फ्लोटला थोडा वेळ द्या. पातळी सलग पाच-दहा सेकंद तशीच राहिली, तरच निर्णय घ्या. बटणासाठीची मिलिसेकंदांची डिबाउन्स (थरथर गाळण्याची छोटी वाट) इथे उपयोगाची नाही.

खाडीकाठच्या दमट हवेत जंपर वायरींच्या टोकांवर थर चढतो आणि जोड कधी लागतो, कधी सुटतो. कायमच्या कामासाठी स्क्रू टर्मिनल किंवा सोल्डर, जंपर फक्त टेबलावर.

नंबर कुठले?

'पिन १७ ला जोडलेय, काही होत नाही.' हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या दुहेरी रांगेत) मोजून १७ वी पिन ही ३.३ व्होल्टची आहे, तर जीपीआयओ १७ ही मोजून ११ वी. टर्मिनलमध्ये 'पिनआउट' लिहा, तुमच्या बोर्डाचा नकाशा समोर येतो. घरात एकच पद्धत ठेवा. मी जीपीआयओ नंबरच वापरायला सांगतो, कारण जीपीआयओझीरो तेच मानते.

पाच व्होल्ट नकोत

पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ सहन करत नाहीत. पातळी मोजायचा एचसी-एसआर०४ सेन्सर त्याच्या इको या आउटपुट पिनेवर ५ व्होल्ट देतो. मध्ये १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा, व्होल्टेज कमी करणारा विभाजक घाला. एका पिनेतून १६ मिलिॲम्पिअरच्या वर ओढू नका. मोटर किंवा मॉड्यूलशिवायचा नुसता रिले थेट पिनेवर कधीच नको. शिवाय पायवर ॲनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारे व्होल्टेज मोजणारी पिन) नाही. आर्डुइनोची सवय असलेले इथे चकतात. त्यासाठी एमसीपी३००८ ही वेगळी चिप लागते.

आय-टू-सीच्या (सेन्सर वगैरे जोडायची दोन वायरींची पद्धत) जीपीआयओ २ आणि ३ वर बोर्डावरच १.८ किलोओहमचे पुल-अप आहेत, तिथे पुल-डाउन मागितलात तरी काही उपयोग नाही. १४ आणि १५ वर सीरियल कन्सोल (बोर्डाशी वायरीने बोलायची सोय) असू शकतो. आणि जुना प्रोग्राम पाय ५ वर टाकताच एरर आली तर वायरिंग उपसू नका. २०२३ च्या या बोर्डावर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या, त्यामुळे मूळ आरपीआय-जीपीआयओ तिथे चालत नाही. जीपीआयओझीरो वापरा, किंवा कोड बदलायचा नसेल तर आरपीआय-एलजीपीआयओ ही तशाच आज्ञा मानणारी लायब्ररी.

पिन मेली की नाही, कसे कळेल?

त्या पिनेवरची वायर काढा. ती २३ नंबरची असेल तर टर्मिनलमध्ये 'पिनसीटीआरएल सेट २३ आयपी पीयू' द्या (आयपी म्हणजे इनपुट, पीयू म्हणजे पुल-अप; हेही छोट्या रोमन अक्षरांत) आणि मग 'पिनसीटीआरएल गेट २३'. उत्तरात एचआय दिसायला हवे. पीयूच्या जागी पीडी (पुल-डाउन) देऊन परत पाहा, आता एलओ यायला हवे. दोन्ही वेळा एकच उत्तर आले तर ती पिन बहुधा गेली आहे. मल्टिमीटर लावताना हेडरच्या १ आणि २ नंबरच्या टोकांपाशी जपून हात चालवा. ३.३ आणि ५ व्होल्ट तिथे शेजारी-शेजारी आहेत. प्रोब घसरला तर एका पिनेवर भागत नाही, अख्खा बोर्ड जाऊ शकतो. मेलेल्या पिनेवर टेपचा तुकडा लावा, कोडमध्ये नंबर बदला आणि बोर्ड हात लावल्यावर गरम लागत नसेल तर दुसऱ्या पिनेवर काम चालू ठेवा.